आयटीचं बजेट मालकांना पटत नाही, तेव्हा सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न मी असा समजले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीत तुम्ही आयटी प्रमुख आहात. पुण्याची नोकरी सोडून घरच्यांसाठी सोलापूरला परत आलात. मालकांनी तीन वर्षांचा आयटी प्लॅन मागितला आहे. गेल्या वर्षीचा प्लॅन त्यांनी बाजूला ठेवला, कारण ‘यातनं धंद्याला काय मिळणार ते कळत नाही’. वार्षिक नियोजनाला तुम्हाला बोलावत नाहीत. सगळं ठरल्यावर ‘हे सॉफ्टवेअरमध्ये बसवा’ एवढा निरोप येतो. आणि आता ‘एआयचं आपण काय करतोय?’ हाही प्रश्न आला आहे.

सोलापुरात टॉवेलचे कारखाने, एक साखर कारखाना आणि युनिफॉर्म शिवणारे उद्योग अशा ठिकाणी मी बरीच वर्षं आयटी सांभाळत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: आयटीचा वेगळा प्लॅन लिहायला बसू नका. धंद्याच्या योजनेतली एकेक ओळ घ्या. ती ओळ खरी ठरायची तर कोणाला, कोणत्या दिवशी, कोणता निर्णय घ्यावा लागतो ते शोधा. त्या निर्णयाला लागणारी माहिती आज कुठे अडकते ते कारखान्यात उभं राहून पाहा. जिथे अडकते तिथे तुमचं काम आहे. सर्व्हर, लायसन्स, नेटवर्क हे सगळं त्यानंतर येतं, आणि त्याचा खर्च त्या ओळीच्या नावावर पडतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे धंद्याची लेखी योजनाच नाही. सोलापूरच्या बहुतेक घरच्या धंद्यांत ‘बिझनेस प्लॅन’ नावाची फाईल नसते हे खरं. पण योजना असते, ती विखुरलेली असते. पहिली जागा म्हणजे बँक. कॅश क्रेडिटची (धंद्याच्या फिरत्या कर्जाची) मर्यादा नवी करून घेताना तुमचे सीए बँकेला सीएमए डेटा, म्हणजे पुढच्या आकड्यांचा अंदाज, देतात. पुढच्या वर्षाची विक्री किती, माल किती दिवसांचा पडून राहील, येणी किती दिवसांत वसूल होतील, हे सगळं त्यात आकड्यांत मांडलेलं असतं. मालकांनी सही करून बँकेला दिलेला तो शब्द आहे. दुसरी जागा म्हणजे यंत्रांची कागदपत्रं. नवे रॅपियर माग ईपीसीजी योजनेत (निर्यातीच्या अटीवर यंत्रांचं आयातशुल्क माफ करणारी सरकारी योजना) आणले असतील, तर वाचलेल्या आयातशुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची असते, आणि त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. म्हणजे कंपनीचं सहा वर्षांचं निर्यातीचं उद्दिष्ट लेखी आहे, सरकारदरबारी नोंदलेलं आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी त्याचा हिशेब बाहेरच्या सल्लागाराच्या एक्सेलमध्ये होता, कंपनीत कोणाला विचारलं तर सांगता येत नव्हता. तिसरी जागा मोठ्या ग्राहकांचे ईमेल. युरोपातल्या ग्राहकाला ऑर्गॅनिक टॉवेल द्यायचे ठरले असतील, तर जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रासाठी सूत कुठून आलं तिथपासून तयार मालापर्यंतची साखळी दाखवावी लागते. विक्रीवाल्यांसाठी ती एक नवी ऑर्डर असते. तुमच्यासाठी मात्र तो लॉटनिहाय नोंदींचा पूर्ण प्रकल्प आहे, आणि तो ऑर्डर घेण्याआधी सुरू व्हायला हवा.

हे तीन कागद मागा. अकाउंट्सच्या माणसाकडून, निर्यातीचं काम पाहणाऱ्याकडून, ग्राहकांच्या ऑर्डर सांभाळणाऱ्या मर्चंडायझरकडून. कोणी नाही म्हणणार नाही, कारण तुम्ही पैसे मागत नाही आहात.

चौथी जागा मालकांचं बोलणं, आणि इथे एक अवघड गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोलापूरच्या अनेक कंपन्यांत मोठे मालक आणि धाकटे मालक यांच्या डोक्यात दोन वेगळ्या योजना असतात. मोठ्यांना आखाती देशांतला आणि देशातला जुना व्यापार सांभाळायचा असतो, कमी नफा पण खात्रीचा. धाकट्यांना हॉटेलांना थेट माल द्यायचा असतो, ऑनलाइन विकायचं असतं. दोघेही तुम्हाला कामं सांगतात आणि तुम्ही दोन्ही अर्धी अर्धी करता. हा गोंधळ कोणत्याही सॉफ्टवेअरने मिटत नाही. तुम्ही एवढंच करा: दोन्ही वाटांना काय लागेल, किती महिने, किती खर्च, हे एका कागदावर समोरासमोर मांडा आणि दोघांसमोर एकाच वेळी ठेवा. विचारा, यंदा आधी कोणतं? कोणाची बाजू घेऊ नका. हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही आणि बाहेरच्याला विचारण्याचा अधिकार नसतो. तुमच्या खुर्चीवरून तो विचारता येतो, कारण तुमच्याकडे माणसं मोजकी आहेत आणि ते आकड्यात दाखवता येतं.

आता एक ओळ घेऊन ती शेवटपर्यंत नेऊ. समजा योजनेत आहे: ‘यंदा सगळ्या निर्यात ऑर्डर वेळेवर गेल्या पाहिजेत.’ ऐकायला साधी ओळ आहे. कंटेनर न्हावा शेवा बंदराला ठरल्या तारखेआधी पोचला पाहिजे, नाहीतर जहाज चुकतं आणि मग माल विमानाने पाठवण्याची पाळी येते. टॉवेलच्या ऑर्डरमधला सगळा नफा त्या एका विमानभाड्यात जाऊ शकतो. उशीर कुठे होतो ते शोधायला गेलात तर सूत, बीम, माग, शिलाई, पॅकिंग, सगळीकडे थोडा थोडा सापडेल, पण बहुतेकदा गाठ डाईंगला बसलेली दिसेल. मागावरून उतरलेला कोरा माल डाईंगच्या दारात येऊन थांबतो. आधी कोणती ऑर्डर रंगवायची हे डाईंग मास्टर ठरवतात, आणि ते ज्याचा फोन शेवटी आला त्याची ठरवतात. त्यांची त्यात चूक नाही. कोणत्या ऑर्डरचा कंटेनर कोणत्या तारखेला भरायचा आहे, हे त्यांच्यासमोर कोणी मांडतच नाही. शेड (रंगछटा) नापास होऊन लॉट परत रंगवायला गेला तर ते त्यांच्या वहीत असतं, मर्चंडायझरला चार दिवसांनी कळतं, आणि मालकांना कंटेनर भरायच्या दिवशी.

तेव्हा निर्णय कोणता? ‘उद्या सकाळच्या पाळीत कोणता लॉट आधी रंगवायचा.’ तो कोण घेतं? डाईंग मास्टर. त्यांना काय लागतं? प्रत्येक ऑर्डरचा किती किलो माल विणून झाला, किती रंगून पास झाला, किती परत आला, आणि गाडी भरायची तारीख. रोज रात्री हे चार आकडे ऑर्डरवार मिळाले की पुरे. यासाठी मोठं ईआरपी (सगळे विभाग जोडणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. प्रत्येक ट्रॉलीवर लॉटचं कार्ड असतंच. त्यावर क्यूआर कोड छापायचा आणि ट्रॉली विभागातून बाहेर पडताना फोनने स्कॅन करायचा. मी हे काम केलं तेव्हा सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा ट्रॉली नेमक्या कुठे थांबवायच्या आणि स्कॅन कोणी करायचा हे ठरवायला जास्त वेळ गेला, आणि तो वेळ योग्य ठिकाणी गेला असं मला आजही वाटतं.

एक गोष्ट पुण्या-मुंबईहून येणाऱ्या विक्रेत्यांना सुचत नाही ती तुम्ही पहिल्या दिवशी सांगा. आपल्या कारखान्यात मागावर तेलुगू बोलतात, डाईंगला कानडी आणि उर्दू, ऑफिसात मराठी. इंग्रजी मेन्यूचा पडदा शॉप फ्लोअरवर दिला की नोंद करणारा एकच मुलगा उरतो, आणि तो रजेवर गेला की नोंदी थांबतात. पडद्यावर आकडे आणि रंग ठेवा, शब्द कमीत कमी, आणि जे शब्द असतील ते तेलुगूतही हवेत. हा खर्च किरकोळ असतो, पण तो केला नाही तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

या कामाचं यश कसं दाखवायचं? ‘सिस्टिम लाइव्ह झाली’ असं सांगू नका. तारखेला गेलेल्या ऑर्डर किती, आणि विमानभाड्यापोटी वर्षात किती गेले, हे दोन आकडे सुरुवातीलाच अकाउंट्सकडून लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी त्यांच्याकडूनच पुन्हा घ्या. आकडा तुमचा नसावा, अकाउंट्सचा असावा. मालक त्यावरच विश्वास ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं उदाहरण पैशाच्या बाजूने. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल घ्या. त्याचं वजन ४९० ग्रॅम यायला हवं. ग्राहक कमी वजन स्वीकारत नाही, म्हणून विणकर बाजू सुरक्षित ठेवून थोडं जास्त जाऊ देतात. हे ‘थोडं’ ३ टक्के धरलं तर टॉवेलमागे पंधरा ग्रॅमच्या आत-बाहेर होतं. एक लाख टॉवेलांच्या ऑर्डरला साधारण १,४७० किलो सूत फुकट गेलं. आजच्या सुताच्या भावाने हे गुणून पाहा आणि तो आकडा मालकांच्या समोर ठेवा. मग म्हणा, पॅकिंगच्या काट्याचं वजन मागाच्या नंबरसह थेट नोंदवायचं आहे, म्हणजे कोणत्या मागावर वजन जास्त जातं ते जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला) त्याच पाळीत कळेल. ‘आयओटी’ (यंत्रं इंटरनेटला जोडणं) हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. सुताच्या खर्चाची ओळ मालकांना तोंडपाठ असते. तुम्ही त्याच ओळीवर बोलत आहात.

याच कारणासाठी आयटीचे अहवाल बदला. ‘सर्व्हर ९९.५ टक्के चालू होता’ हे वाक्य धंद्यात कोणाच्याही कामाचं नाही. वर्षाचे तास ८,७६०. अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास. हे ४४ तास कधी गेले, हाच खरा प्रश्न आहे. साखर कारखान्यात मला हे फार लवकर कळलं. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना तासाला दोनशेहून जास्त टन ऊस घेतो. हंगामात वजनकाट्याची सिस्टिम दोन तास बंद पडली की चारशे टनांहून जास्त उसाच्या गाड्या गेटाबाहेर रांगेत उभ्या. शेतकी विभागाचे फोन सुरू होतात, चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे) आणि तोडणीचे मुकादम काट्यावर जमतात, उसाचं वजन उन्हात घटत राहतं. तेच दोन तास जूनमध्ये गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही. शिवाय ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे ऊस नियंत्रण आदेशातच आहे. म्हणजे काट्यावरच्या नोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतचा प्रत्येक दिवस मोजला जातो. तिथे आम्ही आयटीचं बजेट ‘हंगामाआधी’ आणि ‘हंगामात’ असं विभागून मांडायला लागलो, तेव्हा संचालक मंडळाने ते पहिल्यांदा नीट वाचलं.

यावरून वेळापत्रकाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते आयटी आणि धंदा यांची गाठ सगळ्यात आधी इथेच बसते. तुमच्या प्रकल्पाचं कॅलेंडर विक्रेत्याच्या कॅलेंडरवरून बनवू नका. युनिफॉर्मच्या धंद्यात शाळा जूनमध्ये उघडतात. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत बिलिंगला आणि साठ्याच्या सिस्टिमला हात लावायचा नाही. साखर कारखान्यात बदल करायचे ते मे ते सप्टेंबरात. टॉवेलवाल्यांनी मार्चअखेर टाळावी, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, त्या दिवसांत माग बंद असतात आणि माणसं आपापल्या घरी, मिरवणुकीत असतात. त्या आठवड्यात प्रशिक्षण ठेवणाऱ्या सल्लागारांना मी रिकाम्या हॉलमध्ये बसलेलं पाहिलं आहे. उलट माग बंद असताना नेटवर्कच्या केबल टाकायला, काटे बदलायला तेच दिवस सोन्यासारखे असतात. आधी धंद्याच्या तारखा भिंतीवर लावा, मग उरलेल्या जागेत तुमच्या.

कायद्याने करावी लागणारी कामं वेगळ्या खात्यात मांडा. तिथे परताव्याचा हिशेब करत बसू नका; ती करायचीच आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल), १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्यांना ते ३० दिवसांत नोंदवण्याचं बंधन, कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं, सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणं आणि लॉग (सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपणं. यादी वाढतच जाणार आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेही याच खात्यात टाका; पण मालकांना सांगताना ‘ओएस जुनी झाली’ म्हणू नका. जॅकार्डची (विणलेल्या नक्षीची) सगळी डिझाइनं ज्या कॉम्प्युटरवर आहेत तो उघडा पडला आहे, एवढं सांगा.

मात्र कायद्याच्या कामातूनही धंद्याचं नियोजन सुधारता येतं, आणि त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. आयकर कायद्यात ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो आणि यंदाचा कर वाढतो. सोलापूरच्या टॉवेल धंद्यात सायझिंगवाला (सुताला खळ देणारा), बाहेरचा डाईंगवाला, शिलाईचं जॉबवर्क करणारा, कार्टनवाला, हे बहुतेक लघु उद्योग असतात. सुताचा निव्वळ व्यापारी मात्र या तरतुदीत येत नाही. म्हणजे पुरवठादाराच्या मास्टरमध्ये उद्यम नोंदणी, तो सूक्ष्म-लघु-मध्यम यांपैकी कोण, उत्पादक की व्यापारी, लेखी करार आहे का, आणि माल स्वीकारल्याची खरी तारीख, एवढ्या जागा हव्यात. बहुतेक ठिकाणी ही माहिती दिवाणजींच्या डोक्यात असते. ती एकदा सिस्टिममध्ये आली की दर सोमवारी ‘या आठवड्यात कोणाचे पैसे जायलाच हवेत’ हा अहवाल निघतो. बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक स्टेटमेंट आणि हा अहवाल शेजारी ठेवला की रोख रकमेचं नियोजन मालकांना प्रथमच एका पानावर दिसतं. मला विचाराल तर नियोजनाच्या बैठकीचं दार तुमच्यासाठी उघडणारं पान हेच आहे. तंत्रज्ञान म्हणून त्यात काहीच नाही.

योजना वर्षाच्या मध्यात मोडते, हेही धरून चला. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा एप्रिलमध्ये केलेली विक्रीची योजना निर्यातदारांना एका रात्रीत बाजूला ठेवावी लागली. अशा वेळी सगळ्यांचं बजेट सरसकट वीस-तीस टक्के कापायची पद्धत आहे. ती मान्य करू नका. त्या आठवड्यात मालकांना एकच गोष्ट हवी असते: कोणत्या देशाच्या, कोणत्या ग्राहकाच्या, कोणत्या मालात खर्च वजा जाता किती उरतं, आणि तो माग दुसऱ्या कोणत्या मालाला लावता येईल. हे दोन दिवसांत देता आलं तर तुमच्या विभागाचं महत्त्व सांगायला दुसरं काही लागत नाही. आणि त्याच वेळी तुम्ही स्वतःहून सांगा, अमेरिकेच्या ग्राहकासाठी चाललेलं हे काम आता थांबवतो, त्याची माणसं इकडे वळवतो. योजना बदलली तरी यादी तशीच चालू ठेवणारा आयटी विभाग धंद्यापासून तुटलेला असतो, मग कागदोपत्री त्याचा कितीही मेळ बसो. म्हणून तीन वर्षांचा आराखडा ठेवा, पण निधी तिमाहीला मंजूर करून घ्या.

नावाचा नियम कडक ठेवा. प्रत्येक कामाच्या पुढे एका माणसाचं नाव हवं आणि तो माणूस आयटीतला नसावा. ट्रॉली स्कॅनिंगच्या पुढे डाईंग मास्टर किंवा उत्पादन प्रमुखांचं नाव. वजनाच्या नोंदीपुढे विणकाम विभागाचे प्रमुख. कोणी नाव द्यायला तयार नसेल तर ते काम यादीतून काढा, मालकांनी स्वतः सांगितलेलं असलं तरी. हे बोलायला जड जातं, मला माहीत आहे. पण ज्या कामाला धंद्याच्या बाजूने धनी नाही, त्याच्या नोंदी दोन महिन्यांत बंद पडतात आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की बनवून घ्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. हिशेब टॅलीत चालत असेल तर चालू द्या, अकाउंटंटशी भांडू नका; इतरांसारखंच जे काम आहे ते तयार सॉफ्टवेअरने करा. स्वतःचं बनवा ते फक्त तिथे, जिथे तुमचा धंदा शेजारच्या कारखान्यापेक्षा वेगळा आहे: मागांचं नियोजन, लॉटचा मागोवा, शेडचा इतिहास. आणि बनवताना माणसांचा विचार करा. आपल्या कॉलेजांतून चांगली मुलं बाहेर पडतात आणि वर्ष-दोन वर्षांत हिंजवडीला जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एका मुलाच्या लॅपटॉपवर उभं असलेलं सॉफ्टवेअर ही धंद्याची जोखीम आहे, तिला जोखमींच्या यादीत लिहा. सोर्स कोड कंपनीच्या खात्यात, प्रत्येक बदलाची नोंद, आणि दुसरा माणूस महिन्यातून एकदा पहिल्याचं काम करून दाखवणार, एवढं किमान हवं.

पुस्तकी आराखड्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी कोणी ना कोणी ते तुमच्यासमोर ठेवेल. हेंडरसन आणि वेंकटरामन या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या आराखड्यात धंद्याची दिशा, आयटीची दिशा, संस्थेची रचना आणि आयटीची रचना अशा चार बाजू आहेत. त्यातला कामाचा मुद्दा असा की ओढ दोन्हीकडून असते: धंदा आयटीला दिशा देतो, तसंच आयटीमुळे जे शक्य झालं त्यातून धंद्याला नवी वाट मिळते. लॉटचा मागोवा नीट ठेवता आला म्हणून ऑर्गॅनिक मालाची ऑर्डर घेता येते, हे त्याचं आपल्याकडचं रूप. कोबिट २०१९ या आयटीच्या कारभाराच्या आराखड्यात ४० उद्दिष्टं आहेत; तीन माणसांच्या विभागाने त्यातली जोखीम, पुरवठादार, बदलांचं नियंत्रण आणि कामात खंड न पडणं एवढी घेतली तरी खूप झालं.

तुमचा प्लॅन दोन पानांत बसवा. पहिल्या पानावर धंद्याच्या चार-पाच ओळी, प्रत्येकीपुढे निर्णय, निर्णय घेणारा, लागणारी माहिती, काम, धनी, तारीख, आणि ज्या आकड्यावरून यश मोजायचं तो आकडा. दुसऱ्या पानावर खर्च तीन खात्यांत: चालू ठेवायला, कायद्याला, वाढीला. आणि खाली ‘यंदा करणार नाही’ अशी यादी. ही शेवटची यादी गाळू नका. मालक त्यावरच सगळ्यात जास्त बोलतात आणि त्याच बोलण्यातून त्यांची खरी योजना तुम्हाला कळते. बैठकीला बोलावण्याची वाट पाहू नका. जानेवारीत यात्रा आटोपली की सीए सीएमएचं काम हाती घेण्याआधी ही पानं घेऊन उत्पादन, विक्री आणि अकाउंट्सच्या प्रमुखांना एकेकट्याने भेटा. मालकांपर्यंत पान जाईल तेव्हा त्यावर त्या तिघांची नावं असली पाहिजेत.

राहिला एआयचा प्रश्न. याही ओळीला तीच कसोटी लावा: कोणता निर्णय सुधारेल? टॉवेलच्या धंद्यात मला सध्या दोन जागा खऱ्या वाटतात. एक, ग्राहकांचे लांबलचक ईमेल आणि पीओ (खरेदीच्या ऑर्डर) वाचून माप, जीएसएम, शेड, पॅकिंगच्या सूचना ऑर्डर शीटमध्ये उतरवणं आणि मर्चंडायझरने त्या तपासणं. हे याच तिमाहीत, एका ग्राहकावर, थोड्या खर्चात करून पाहता येईल. ग्राहकांची कागदपत्रं कोणत्या सेवेकडे जातात आणि करारात त्याला परवानगी आहे का, हे मात्र आधी तपासा. दुसरी जागा डाईंगची. पहिल्याच फेरीत शेड पास व्हावी म्हणून कोणती कृती वापरायची, हे जुन्या नोंदींवरून सुचवणं. त्याला प्रत्येक लॉटची रंगांची कृती, पाण्याचा कडकपणा, तापमान, वेळ आणि पास-नापासचा निकाल अशा नोंदी लागतात, आणि त्या आज मास्टरांच्या वहीत आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांच्या सोयीने त्या नोंदी फोनवर कशा येतील ते त्यांनाच विचारा, त्यांचं नाव त्या कामापुढे लिहा. मालकांना सांगा की दुसऱ्या जागेचं काम आजपासून सुरू झालं आहे आणि वर्षभराच्या नोंदी हातात आल्यावरच त्यावर पैसे मागेन.